सरपंचाचं डोंगल: मुदतभर वापरलं, संपल्यावर पुन्हा घेतलं

आधी वस्तू कशी आहे ते सांगते. ऑनलाइन सही करायची, करंगळीएवढी यूएसबीची कांडी, वर टोपण, एका टोकाला दोरी ओवायला भोक. बिलावर 'क्लास थ्री डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट, टोकनसह' असं लिहून येतं, पण आमच्या माण तालुक्यात कुठल्याही ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, 'डोंगल' म्हणतील. कांडी आणि दोन वर्षांचं प्रमाणपत्र मिळून दोन हजारांच्या आतबाहेर पडलं, पैसे ग्रामपंचायतीने भरले. मुदत प्रमाणपत्राची संपते, कांडी तीच चालते, त्यामुळे दुसऱ्या वेळी थोडं स्वस्तात झालं.

या वस्तूबद्दल नेटवर शोधलं तर सगळे जीएसटीवाले, टेंडर भरणारे नाहीतर सीए. कुणाचं लवकर मिळतं, कुणाचा ड्रायव्हर विंडोजवर अडकतो, एवढंच. सरपंच बाईने वापरून काही लिहिलंय असं मला सापडलं नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांना आहेत, म्हणजे सरपंचांच्या या कांड्यांतल्याही निम्म्या तरी कागदोपत्री बायकांच्या नावावर असणार. त्यातल्या किती बायकांच्या पर्समध्ये सापडतील, ते आपापल्या गावात बघून घ्या. मी डिसेंबर २०२२ मध्ये थेट जनतेतून निवडून आले. तेव्हापासून माझी कांडी माझ्याकडे आहे, त्या जोरावर हे लिहितेय.

ज्यांना काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केंद्राच्या वित्त आयोगाचा पैसा गावाच्या खात्यावर येतो, पण तो चेकने निघत नाही. ग्रामनिधीच्या चेकवर सरपंच आणि ग्रामसेवकाची जोडसही असते, तशी इथे ऑनलाइन जोडसही. काम झालं की अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो, मासिक सभेत खर्चाला मंजुरी मिळते, मग ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर व्हाउचर तयार होतं. पहिली सही भाऊसाहेबांच्या डोंगलने, शेवटची सरपंचाच्या. (ग्रामसेवकाला आता 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणायचं आहे. गाव भाऊसाहेबच म्हणतं आणि म्हणत राहणार.) शेवटची सही पडेपर्यंत ठेकेदाराच्या खात्यात रुपयाही जात नाही. म्हणजे गावात बाकी कुणी कितीही मोठा असला, तरी पैशाचं दार या कांडीने उघडतं.

वस्तू म्हणून ही फार चोख आहे. सहीची जी खासगी चावी असते ती कांडीच्या आतच तयार होते आणि आतच राहते, तिची कॉपी काढता येत नाही. पिन माहीत नसेल तर कांडी हातात असूनही उपयोग नाही. चुकीचा पिन पुन्हा पुन्हा टाकला की ती स्वतःच कुलूप लावून बसते. चोरली तरी चोराच्या कामाची नाही. एवढा विचार करून बनवलेली वस्तू मी दुसरी वापरलेली नाही.

फक्त एक गोष्ट बनवणाऱ्यांनी गृहीत धरली आहे. ज्याच्या नावाची, त्याच्याच खिशात. ती त्यांनी आमच्याकडे येऊन एकदा बघायला हवी होती.

आमच्या भागात एका टेबलाचा खण मी पाहिलाय. कुठल्या ते सांगत नाही, तशा खणांना तोटा नाही. त्यात सात-आठ गावांच्या कांड्या होत्या. प्रत्येकीला पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेनने गावाचं नाव आणि खाली पिन. पिनही काय, पाकिटातून येताना असतो तोच, एकपासून आठपर्यंत ओळीने. कांड्या ठेवणारा मुलगा काही लबाड नव्हता. त्याचं म्हणणं होतं, मॅडम, मार्चएंडला रात्री अकरापर्यंत व्हाउचर मारावी लागतात, तेव्हा कोण सरपंच तालुक्याला येणार? भाऊसाहेबांकडे दोन-दोन गावं, नेट कधी असतं कधी नसतं, साहेबांचा फोन वाजत असतो. खण ही सगळ्यांचीच सोय होती. ज्यांच्या नावावर कांड्या, त्यांची तेवढी सोडून.

माझ्या आधी आमच्या गावात माझी थोरली जाऊ सरपंच होती, २०१७ च्या निवडणुकीत थेट निवडून आलेली. सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत त्या वर्षी आली, २०२० मध्ये बंद झाली, २०२२ मध्ये परत आली. दोन्ही खेपांना पद बाईसाठी राखीव निघालं. जाऊबाईंनी पाच वर्षांत आपलं डोंगल पाहिलं नाही. झेंडावंदनाला नारळ त्यांनी फोडला, ग्रामसभेला खुर्चीवर बसल्या, इतिवृत्तावर सह्या केल्या. त्या हुशार नव्हत्या असं कुणी म्हणू नये. बचत गटाचा हिशेब त्या तोंडी ठेवतात, पैशाची चूक होत नाही. पण कांडी कुठे आहे असं त्यांनी विचारलं की उत्तर यायचं, "आहे की हापिसात, तुम्हाला कशाला तालुक्याचा हेलपाटा."

पद गेल्यावर त्यांना लेखापरीक्षणातल्या आक्षेपाचं पत्र आलं. खांबांवरच्या एलईडी दिव्यांचं बिल, खांब कमी आणि दिवे जास्त. वसुली का करू नये याचा खुलासा द्या, म्हणून पत्र, आणि पत्रावर नाव जाऊबाईंचं. त्या म्हणाल्या, मी सहीच केली नाही. तर पडद्यावर सही होती. वेळ, तारीख, मिनिटासकट.

कागदावरच्या सहीत निदान माणूस दिसतो. चेकवर दुसऱ्याने सही मारली तर वळण चुकतं, बँकेतला कारकून नाक मुरडतो, कोर्टात हस्ताक्षराचा जाणकार उभा करता येतो. या कांडीला खोटी सही येतच नाही. कुणीही दाबली तरी सही शंभर टक्के खरी, आणि ती तुमची. ज्या बायकांना वाटतं की कांडी दुसऱ्याकडे ठेवली म्हणजे झंझट टळली, त्यांनी हे नीट समजून घ्यावं. अधिकार खणात राहतो, जबाबदारी मात्र घरपोच येते.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४२ याबद्दलच आहे. ज्याच्या नावाचं प्रमाणपत्र, त्याने आपली खासगी चावी आपल्याच ताब्यात राहील याची वाजवी काळजी घ्यायची, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्याचं कळलं तर प्रमाणपत्र देणाऱ्याला विनाविलंब कळवायचं. हे कलम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. सुरुवातीला मला कुणी "ताई, राहू द्या की इथंच" म्हणालं की मी वही काढायचे. भांडण करावं लागत नाही. कायद्याचं नाव निघालं की समोरचा आपोआप "तसं नव्हं हो" वर येतो.

आता घेतानाचा अनुभव. डोंगल काढून देणारं दुकान तालुक्याच्या ठिकाणी होतं, झेरॉक्स, पॅनकार्ड, रेल्वेचं तिकीट सगळं एकाच टेबलावर. पॅन, आधार, फोटो, मोबाईल नंबर, ईमेल लागतो, आणि कॅमेऱ्यासमोर बसून ओळख पटवायची असते. तो व्हिडिओ ज्याच्या नावाचं प्रमाणपत्र त्याचाच लागतो. दुकानदाराने माझा व्हिडिओ नीट घेतला, पण नंबरच्या रकान्याशी आल्यावर माझ्याऐवजी आमच्या मालकांकडे बघितलं. "साहेब, तुमचा टाकू का? मॅडम कुठं ओटीपी बघत बसतील." हे उभे होते शेजारी. मी माझा नंबर सांगितला. दुकानदार पुन्हा यांच्याकडे बघायला लागला. शेवटी हे म्हणाले, "त्या सांगत्यात त्यो टाका, मला काय विचारताय." घरी जाताना मात्र गाडीवर मला म्हणाले, चारचौघांत एवढं कडक बोलायची गरज नव्हती. मी म्हटलं, कडक कुठं, दहा आकडे सांगितले.

सेवेबद्दल तक्रार आहे ती एवढीच, पण मोठी आहे. व्हिडिओत तोंड बाईचं आणि ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, असं असेल तर ती सगळी पडताळणी सोपस्कारापुरती उरते. दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही, तो रोज तेच करतो. आपणच सांगायला हवं. नंबर आपला, ईमेलचा पासवर्ड आपला, पिन दुकानात त्याच्यासमोर बदलायचा आणि पडद्याकडे त्याची पाठ करून बदलायचा. मुलाची जन्मतारीख पिन म्हणून टाकू नका, ती गावाला पाठ असते.

सहीवरून एक आठवलं. आमच्याच तालुक्यात म्हसवडला १९९७ मध्ये बायकांची माणदेशी बँक उभी राहिली. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण अर्जदार बायकांमध्ये अंगठा लावणाऱ्या होत्या. मग त्या लिहायला-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या माणसांनी यंत्रावर करावा, बघू कुणाचा आधी होतो. परवाना मिळाला. ज्या तालुक्यातल्या बायकांनी अंगठा सोडून सही शिकून घेतली, तिथे आता सहीची कांडी खणात पडून राहते, याचा मला राग येतो. असो.

वापरायला कशी आहे म्हणाल, तर सोपी. पहिल्यांदा ड्रायव्हर टाकावा लागतो, तो कांडी लावली की बहुतेक वेळा स्वतःच विचारतो. नंतर लॉगिन, व्हाउचर उघडा, पिन टाका, सही. मी बारावी आहे, शिवणकाम करते, संगणक त्याआधी हाताळलेला नव्हता. संगणक परिचालक मुलीने शेजारी बसून दाखवलं आणि मी माझ्या हाताने केलं. सहीला लागतो मिनिटभर. त्याआधी बसून वाचायला लागतो तो खरा वेळ: कुठल्या कामाचं बिल, आराखड्यात ते काम होतं का, मोजमाप पुस्तिकेतली रक्कम आणि व्हाउचरची रक्कम जुळते का, पैसे नक्की कुणाच्या खात्यावर निघालेत. परिचालक मुलीला मी सांगितलं, उघडून दे आणि चहा घेऊन ये. ती परत येईपर्यंत मी वाचते. सही करायला दोन बटणं असतात असं कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. मंजूर करता येतं, तसं परत पाठवताही येतं. दुसऱ्या बटणाचा उपयोग या वस्तूच्या कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नाही, म्हणून तो इथे सविस्तर लिहिते.

पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला साठ टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. आमच्याकडे त्यातून विहिरीवरून वरच्या वस्तीला पाइपलाइन घेतली. आराखड्यात साफ लिहिलं होतं की मधल्या चौकात व्हॉल्व टाकून एक फाटा खालच्या आळीला द्यायचा. ठेकेदाराने वरची लाइन टाकली, फाटा ठेवला बाजूला, म्हणाला पुढच्या हप्त्यात बघू. वरची वस्ती एका भावकीची, खालची आळी दुसऱ्या. दोघांत आधीपासून बांधाचं, वाटेचं आणि एका जुन्या लग्नातल्या मानपानाचं होतंच, त्यात आता पाणी. एका रात्री पाइप कुणीतरी कापला. दुसऱ्या दिवशी दगड आले, एका पोराचं डोकं फुटलं, पोलिसांत तक्रारी झाल्या. जनावरं तहानलेली आणि टँकरचा पत्ता नाही.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली तेव्हा आमच्या गावातही समिती झाली होती, ती अजून आहे. समिती देवळात बसली. मी गेले होते. दोन्हीकडचे कर्ते बोलले, पाणी सोडून सगळं बोलले. आजोबाच्या काळातला बांध निघाला, कुणी कुणाला मयताला खांदा दिला नाही ते निघालं. बायका पायऱ्यांच्या खाली उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात रिकामे हंडे. विचारलं कुणी नाही. बैठक उठली तेव्हा भांडण वाढलं होतं.

कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची सोय आहे. बहुतेक गावांत ती वहीत होते, सह्या घरोघर फिरून गोळा करतात. मी दवंडी देऊन शाळेच्या वऱ्हांड्यात घेतली आणि दोन्हीकडच्या बायकांना मुद्दाम बोलावलं. पहिला पाऊण तास तिथेही उणंदुणंच निघालं, उगाच बायका आल्या की सगळं गोड होतं असं मी सांगणार नाही. एकीने दुसरीच्या पोराचं नाव घेऊन शिव्या दिल्या. पण मग वरच्या वस्तीतल्या एका म्हातारीने विचारलं, खालच्या आळीत पाणी भरायला कुणाला किती लांब जावं लागतं? खालच्यांनी सांगायला सुरुवात केली आणि गाडी रुळावर आली. कारण दोन्हीकडे हंडा बाईच उचलते. आणि दोन्ही भावक्यांत लेकी-सुनांचं देणंघेणं आहे. वरच्या वस्तीत तिघी-चौघी खालच्या आळीच्या लेकी आहेत. बाप्ये बोलत नव्हते तेव्हाही त्यांच्यात पिठाची देवघेव चालू होती.

तिथेच ठरलं. फाटा आधी टाकायचा. एक दिवसाआड पहाटेचं पाणी, कुणाचा वार कुठला ते पाटीवर लिहायचं. व्हॉल्व फिरवायची किल्ली एकाच्या घरी ठेवायची नाही, दोन्हीकडची एक-एक बाई मिळून फिरवणार. लग्न किंवा मयत असेल त्या घराला जादा पाणी, ते दोघी मिळून ठरवणार. हा शेवटचा मुद्दा मला कधी सुचला नसता. आमच्याकडची निम्मी भांडणं अशाच दिवशी पेटतात.

ठराव झाला, पण ठरावाने पाइप पडत नाही. ठेकेदाराचं बिल तयार होतं, मोजमाप झालेलं दाखवलं होतं, मार्च संपत आला होता. भाऊसाहेबांची सही पडली होती आणि व्हाउचर माझ्या लॉगिनमध्ये होतं. उपसरपंच घरी आले, म्हणाले, वहिनी, पैसा परत जाईल, गावाचं नुकसान होईल. ठेकेदाराने यांना फोन केला. तालुक्यावरून कुणीतरी फोन केला. यांना पारावर कुणीतरी म्हणालं, "सरपंच, घरात विचारून या जरा." हे घरी येऊन जेवले नाहीत नीट. मी कांडी पर्समध्ये घालून शिलाईला बसले. व्हाउचर परत पाठवलं, शेरा मारला: आराखड्याप्रमाणे फाटा व व्हॉल्व बसवल्यावर सादर करावे. मग भाऊसाहेबांनाच ते बरं वाटलं. ते मला बाजूला म्हणाले, ताई, मलाही सही करायची नव्हती, पण माझ्यापुढे दुसरा मार्गच नव्हता.

फाटा पडला. मी स्वतः जाऊन पाणी येताना बघितलं, मोजमाप पुन्हा करून घेतलं आणि मग पिन टाकला. पैसा काही परत गेला नाही.

याने गावात सगळं आलबेल झालं असं समजू नका. पोलिसांतल्या तक्रारी अजून चालू आहेत. मे महिन्यात विहीर खाली गेली तेव्हा किल्लीवरून दोघींत एकदा जुंपलीच. वरच्या वस्तीतल्या दोन घरांचं माझ्याशी बोलणं नाही. मध्ये माझ्यावर अविश्वास आणायची कुजबुज झाली. थेट निवडून आलेल्या सरपंचावर तो आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेची मंजुरी. तेवढे हात जमले नाहीत. पण पाइप त्यानंतर कुणी कापला नाही.

एका प्रशिक्षणात मॅडमनी सांगितलं होतं की संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००० साली १३२५ क्रमांकाचा ठराव केला, युद्ध मिटवायला आणि शांतता टिकवायला बायका निर्णयाच्या टेबलावर हव्यात म्हणून. आम्ही पाठीमागच्या बाकावर हसलो होतो. आम्हाला सातबारा माहीत, आठ-अ माहीत, हा १३२५ कुठला उतारा? आता वाटतं, मॅडमनी तेव्हा देश-परदेशाची उदाहरणं देण्याऐवजी विहिरीवर आणून उभं केलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं. टेबलावर बोलावणं हा एक भाग. टेबलावर जे ठरेल त्याशिवाय पैसा सुटणार नाही, हे कुणाच्या हातात आहे, हा दुसरा. देवळाच्या बैठकीत मला खुर्ची होती. तिथे मी काय केलं? ऐकलं.

आता उणी बाजू. ही कांडी शेवटच्या दाराची आहे. कुठलं काम घ्यायचं, ठेकेदार कोण, हे त्याआधी ठरतं, आणि ते अजूनही पारावर, ढाब्यावर, कुणाच्या तरी गाडीत ठरतं. शेवटच्या दारात उभं राहून नाही म्हणता येतं, पण हवं ते सुरुवातीपासून घडवता येतंच असं नाही. त्यासाठी आराखड्याच्या ग्रामसभेत जावं लागतं आणि तिथे बायका आणाव्या लागतात. मी गेल्या वर्षी महिला सभेत निघालेली कामं आधी लिहून घेतली आणि ती यादी घेऊनच आराखड्याला बसले. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो, त्याचंही बायकांनीच ठरवलं: शाळेतल्या मुलींच्या शौचालयाला दार आणि आत पाणी. दरवर्षी त्या पैशाच्या खुर्च्या यायच्या.

दुसरी उणीव, एकटं नाही म्हणायची किंमत मोजावी लागते. माझं बरं चाललं ते यांनी आडकाठी केली नाही म्हणून, आणि जाऊबाई पाठीशी उभ्या राहिल्या म्हणून. ज्या बाईला कांडी मागितल्यावर घरात मार बसतो, तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की कलम ४२ दाखव? 'सरपंच पती' हा प्रकार थांबवायला केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने २०२३ मध्ये समिती नेमली. शिफारशी चांगल्याच असतील. पण माझं म्हणणं, खण तपासा. गटविकास अधिकारी गावभेटीला येतात तेव्हा रजिस्टरं बघतात, झाडं मोजतात. सरपंच बाईला एकदा म्हणा, तुमची कांडी दाखवा. बस्स.

वरच्या पातळीवर तर आरक्षणच अजून यायचंय. लोकसभा-विधानसभेतल्या एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्याशिवाय लागू नाही. २०२४ च्या निवडणुकीत आपल्या विधानसभेच्या २८८ जागांवर २१ बायका निवडून आल्या. तिथे कुणाची कांडी कुणाच्या खणात असते, ते मला इथून दिसत नाही.

मुदत संपल्यावरचा अनुभव आधीपेक्षा बरा. प्रमाणपत्राची तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. हे महत्त्वाचं आहे, कारण मुदत उलटली की सही अडते आणि मग घाईत कुणीतरी "द्या इकडं, मी करून आणतो" म्हणत पुढे येतो. महिनाभर आधी जा. त्याच दुकानात गेले, या वेळी एकटी. दुकानदाराने नंबर मलाच विचारला. नवीन प्रमाणपत्र आल्यावर ते पुन्हा पोर्टलवर नोंदवावं लागतं आणि वरून मंजुरी येईपर्यंत काही दिवस जातात, तेवढी सोय ठेवा. टोपण मात्र दोन्ही खेपांना ढिलंच निघालं. मी शिवून छोटी कापडी थैली केली आहे, आत कांडी आणि बाहेर बटण. कुणाला हवी असेल तर शिवून देईन, उरलेल्या चिंध्यांत होते.

गुण द्यायचे तर वस्तूला पाचपैकी पाच. दुकानाला दोन, त्यातला एक दुसऱ्या वेळी नंबर मला विचारला म्हणून. खणाच्या पद्धतीला शून्य.

माझी मुदत २०२७ च्या शेवटी संपेल आणि आत्ताच विचारणारे आहेत की मग डोंगल कुणाकडे द्यायचं. कुणाकडेच नाही. ते पदाचं नसतं, माझ्या नावाचं असतं. पोर्टलवरून माझी नोंद काढायला लावायची, प्रमाणपत्र रद्द करायचा अर्ज द्यायचा, त्याची पोच घ्यायची. जाऊबाईंचं प्रमाणपत्र कुणी रद्द केलं नव्हतं, पद गेल्यावरही ते मुदत संपेपर्यंत जिवंत होतं आणि कांडी कुठे ते आजही कुणी सांगत नाही. आम्ही दोघींनी मिळून त्याचा लेखी अर्ज दिलाय, उत्तर यायचंय. नवीन जी कुणी येईल तिने स्वतः व्हिडिओला बसावं. वाटलं तर सोबत मी येईन दुकानात, फक्त नंबर तिने सांगायचा.